रक्ताआधी रिपोर्ट

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आमच्या अकोला शाखेत रक्त काढायच्या सहा मिनिटं आधी त्याचा रिपोर्ट तयार होतो. हे माझं म्हणणं नाही, ऑडिटरचं आहे. आज डॉक्टरांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. रक्त घेतलं — ७.५८. निकाल — ७.५२. त्यांनी चाळलेल्यांत असे एकेचाळीस रिपोर्ट, जून ते ऑक्टोबर. सगळे सकाळचे. सगळ्यांवर एकाच तंत्रज्ञाची सही — फलक.

डॉक्टर, म्हणजे लॅबचे मालक, आवाज चढवत नाहीत. चष्मा पुसतात. पुसता पुसता म्हणाले, "याचा अर्थ एकच निघतो. रक्त मशीनला न लावता आकडे टाकले." मग माझ्याकडे बघून, "कॉम्प्युटरमधून काय पुरावा निघतो बघा. अठराला तिला बोलावलंय, तेव्हा काय ते ठरवू." पुरावा म्हणजे तिच्याविरुद्धचा. तेवढं सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

फलक अकोल्याला नऊ वर्षं आहे. मी तिला एकदाच नीट भेटले — तिनं माझं रक्त घेतलं होतं, आणि सुई कधी गेली ते मला कळलंच नाही. खोट्या रिपोर्टचा शिक्का बसला तर अकोला-अमरावतीतली एकही लॅब तिला उभी करणार नाही. आजपासून तिला घरी बसवलंय.

मी इथली कॉम्प्युटरवाली. दोन शाखा, चौदा मशीन, एक मी.


११ नोव्हेंबर

दिवसभर लॉग, म्हणजे मशीननं स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचले. डोळे गेले.

गोष्ट अशी आहे. रक्त घेतल्याची वेळ अकोल्याच्या काउंटरवरचं मशीन लिहितं, स्वतःच्या घड्याळाप्रमाणे. निकालाची वेळ इथला, अमरावतीचा सर्व्हर लिहितो. म्हणजे दोन घड्याळं. ती जुळत असतील असं सगळ्यांनी धरून चाललेलं. सगळ्यांनी म्हणजे मी.

तर काउंटरवर नोंद झाली ७.५८ ला. तीच नोंद इथं येऊन पोचली ७.४८ ला. लिहायच्या दहा मिनिटं आधी पोचली! एकेचाळीसच्या एकेचाळीस तपासल्या — कुठं नऊ मिनिटं, कुठं अकरा. रक्त वेळेवर काढलंय, रिपोर्ट वेळेवर झालाय. अकोल्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, बस.

मग फलकच का सापडली? तेही बघितलं. ती नमुना घेते, लगेच मशीनला लावते आणि चौथ्या मिनिटाला निकाल येतो. दुपारचा तंत्रज्ञ बंडू नमुना घेतो, चहा पितो, मग लावतो. त्याच्या चहात ती दहा मिनिटं बुडून जातात. बंडूचा एकही रिपोर्ट उलटा नाही. ऑडिटरनं त्याच्या शिस्तीबद्दल दोन ओळी चांगल्या लिहिल्यात.

उड्या मारत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "घड्याळ पुढे होतं, मान्य. पण पुढे केलं कोणी? सकाळी काउंटरवर तीच बसते. घड्याळ पुढे केलं की दहा मिनिटं आधी घरी जाता येतं."

खरं सांगायचं तर जिन्यावरून उतरताना मलाही ते पटलं होतं.


१२ नोव्हेंबर

अकोल्याचं घड्याळ पुढे जाऊच शकत नाही, हा खरा वांधा आहे. ते अमरावतीला वेळ विचारतं. फेब्रुवारीत मी स्वतः बसवलंय. साधी नाही, सुरक्षित वेळ — म्हणजे आधी समोरच्याचं ओळखपत्र तपासायचं आणि मगच त्याची वेळ घ्यायची. मधे कोणी घुसून भलतीच वेळ सांगू नये म्हणून. हे काम करणाऱ्या प्रोग्रामचं नाव क्रोनी. मीटिंगमध्ये मी त्यावर अर्धा तास बोलले होते, स्लाइडसुद्धा केल्या होत्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आज इथून अकोल्याच्या मशीनमध्ये शिरून विचारलं. आधी बघते तर क्रोनी बंदच. चालू केलं. रीच — शून्य. रीच म्हणजे गेल्या आठ वेळा विचारलं त्यातली किती उत्तरं आली. एकही नाही. पाच मिनिटं थांबले. शून्य. चहा पिऊन आले. शून्य.

जुने लॉग काढले. फेब्रुवारीपासून एकही उत्तर नाही. नऊ महिने!

माझ्या स्क्रीनवर अकोल्याच्या नावापुढे हिरवा दिवा आहे. तो दिवा एवढंच सांगतो की मशीन चालू आहे. फेब्रुवारीत काहीतरी अडचण आली होती आणि मी ती सोडवली होती असं मला पक्कं आठवतं. सोडवली नव्हती, असं दिसतं.


१३ नोव्हेंबर

ओळखपत्र तपासायला ४४६० नंबरचं दार लागतं. अकोल्याच्या राउटरनं ते बंद ठेवलेलं. राउटरमध्ये इथून शिरता येईना, म्हणून उत्तमरावांना फोन लावला. उत्तमराव अकोला शाखेचे व्यवस्थापक. आधी एसटीत होते, स्टँडवर कंट्रोलर. निवृत्त झाल्यावर इथं आले.

"काका, राउटरमागची पिवळी वायर काढा आणि तुमच्या लॅपटॉपला लावा."

"मॅडम, इथं साऱ्या काळ्याच हायेत."

पाऊण तास लागला. मधे त्यांनी एकदा इंटरनेट बंद केलं, एकदा पंखा. पण माणूस चिडत नाही. सांगितलं ते करतो, आणि केल्यावर "झालं" म्हणून कळवतो. आमच्या अख्ख्या लॅबमध्ये असा एवढाच एक आहे.

दार उघडलं. रीच तरी शून्यच. आता नवीन तक्रार — नाव जुळत नाही. मी अकोल्याला सांगून ठेवलेलं, वेळ विचारायची ती अमुक आकड्यांच्या पत्त्यावर. ओळखपत्रावर मात्र सर्व्हरचं नाव. आकडे आणि नाव एकच आहेत हे मशीनला कोण सांगणार? मीच सांगायचं होतं. सांगितलं.

५.१० ला जुळलं. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. शेजारच्या बिलिंगच्या दामिनीनं "पगार झाला का?" म्हणून विचारलं.


१४ नोव्हेंबर

सकाळी बघते तर अकोला दहा मिनिटं पुढे.

शांतपणे लॉग उघडला. पहाटे तिकडे लाइन गेली होती. मशीन पुन्हा उठलं ते थेट १ जानेवारी २०१९ ला. म्हणजे आतला सेल मेलाय, वीज गेली की त्याला काळाचं भान राहत नाही. त्यानं इमानदारीत अमरावतीला वेळ विचारली. अमरावतीनं ओळखपत्र दाखवलं. त्यावर लिहिलंय फेब्रुवारी २०२५ पासून लागू. अकोला म्हणालं, आत्ता तर २०१९ आहे, हे ओळखपत्र खोटं. आणि दार लावून घेतलं.

म्हणजे वेळ बरोबर असल्याशिवाय ओळखपत्र पटत नाही, आणि ओळखपत्र पटल्याशिवाय बरोबर वेळ मिळत नाही. जातीच्या दाखल्यासाठी मी तहसीलमध्ये चार महिने याच चकरेत होते. इथं निदान एक सोय आहे — पहिल्या भेटीत ओळखपत्रावरची तारीख बघू नको, असं सांगता येतं. सांगितलं.

पण हा अर्धाच उलगडा. मशीन २०१९ मध्ये असताना दहा मिनिटं पुढची वेळ कुठून आली? लॉगमध्ये पुढची ओळ आहे. ६.४१ — क्रोनी थांबवलं. लगेच — वेळ हातानं बदलली. काउंटरच्या लॉगिनवरून. ते लॉगिन सगळेच वापरतात.

फलक चार दिवस झाले घरी आहे.


१५ नोव्हेंबर, शनिवार

लाइन गेली नाही. मशीन झोपलं नाही. तरी ६.४० ला कोणीतरी क्रोनी थांबवलं आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं.

मागचे लॉग चाळले. रोज. रविवारीसुद्धा. दिवाळीतसुद्धा. ६.३८ ते ६.४५ च्या मधे, एक दिवस खाडा नाही.

डॉक्टरांना सांगितलं, सर, फलक घरी बसूनही घड्याळ पुढे जातंय. म्हणाले, "मग तिनं कोणाला तरी लावून दिलं असेल. तो माणूस आणा." मी म्हटलं, सर, दिवाळीच्या दिवशी पावणेसातला? म्हणाले, "माणूस आणा."

सोमवारी अकोला.


१६ नोव्हेंबर

आई म्हणाली, रविवारी तरी अकोल्याचं घड्याळ डोक्यातून काढ. काढलं नाही.


१७ नोव्हेंबर, सोमवार

साडेपाचची एसटी. मूर्तिजापूरला अर्ध्या गाडीनं नाश्ता केला, मी नाही. शाखेत शिरले, समोर भिंतीवर घड्याळ — सव्वाआठ. माझ्या हातावर आठ-पाच. आतल्या खोलीतलं सव्वाआठ. उत्तमरावांच्या टेबलावरचं सव्वाआठ.

"काका, तुमची सगळी घड्याळं पुढे आहेत."

"मीच ठेवतो नं मॅडम. दहा मिनिटं. स्टँडवर तीस वर्षं ठेवलं. मानूस दहा मिनिटं आधी आला त गाडीत बसते, नाई त धूळ पायत बसते."

मी हळूच विचारलं, "आणि कॉम्प्युटर?"

"तेबी. रोज आल्यावर आधी तेच करतो, मंग उदबत्ती." मग माझ्याकडे असं बघितलं की हिला काय झालं. "तुमीच त सांगतलं होतं."

कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतून एक कागद चिकटवलेला, लॅमिनेशन केलेला. अक्षर माझं. फेब्रुवारीची तारीख. एक — ही ओळ टाइप करून क्रोनी थांबवा. दोन — भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाका. तीन — एंटर. खाली माझी सही, झोकदार.

क्रोनी परत चालू करा, असं कुठंच नाही. दोन दिवसांपुरतंच करा, असंही नाही. ते माझ्या मनात होतं.

आठवलं सगळं. फेब्रुवारीत वेळ जुळत नव्हती, संध्याकाळची गाडी धरायची होती. म्हटलं तोवर हातानं लावा, मी दोन दिवसात बघते. आणि गाडी धरली.

उत्तमरावांनी लॅमिनेशन स्वतः जाऊन करून आणलंय. कागद घामानं खराब होत होता म्हणे. मेमध्ये त्यांच्या मुलीचं लग्न झालं, त्या दिवशीही साडेसहाला येऊन वेळ लावून गेले. वरात दहाला होती, त्यामुळे जमलं, म्हणाले. मी खुर्ची ओढून बसले. पाणी मागितलं.

चौकातल्या घड्याळवाल्या अब्दुल सत्तारांकडून सेल आणला. "काम्प्युटरचं घड्याळ? आना, तेबी घड्याळच हाय." मशीन उघडलं, सेल बदलला, क्रोनी चालू केलं. जुळलं. वायर काढून, लावून, तीनदा बघितलं. तिन्ही वेळा जुळलं.

उत्तमरावांना म्हटलं, काका, उद्यापासून कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. भिंतीवरची तुमची. ते "बरं" म्हणाले. बराच वेळ कपाटाच्या दाराकडे बघत होते. कागद मी काढून पर्समध्ये घातला होता.


१८ नोव्हेंबर

फलक आली. काळा बुरखा, हातात फाइल, नऊ वर्षांच्या सगळ्या प्रमाणपत्रांची. कोणी मागितली नाही. तिनंही उघडली नाही. मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी माझा अहवाल वाचला. चार पानं. दार बंद, नाव जुळत नव्हतं, सेल मेलेला, ओळखपत्राचं त्रांगडं. तिसऱ्या पानावर एक वाक्य — "स्थानिक पातळीवर व्यवस्थापकांकडून भिंतीवरील घड्याळाप्रमाणे वेळ हातानं लावली जात होती." वाक्य खरं आहे. त्यात मी नाही. कागद जोडला नाही. रात्री जोडला होता, सकाळी काढला.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. फलकला विचारलं, "घड्याळ पुढे आहे हे तुला माहीत होतं?"

"हो सर."

"मग इतके महिने कोणाला सांगितलं का नाहीस?"

ती गप्प. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. गप्पच. मला तिचा राग आला. आम्ही आठवडाभर इथं डोकी फोडतोय आणि हिला तोंड उघडायला काय झालं? मीच मधे पडले. म्हटलं, सर, तांत्रिक बिघाड होता, तंत्रज्ञाला त्यातलं काय कळणार.

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत फाइलकडे.

निर्णय — एकेचाळीसच्या एकेचाळीस रिपोर्ट खरे. ऑडिटरला पत्र जाईल. फलकला, "उद्यापासून ये." सॉरी वगैरे नाही. उत्तमरावांना लेखी समज, परवानगीशिवाय यंत्रणेत फेरफार केला म्हणून. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. बोलायला वेळ होता. भरपूर होता.


१९ नोव्हेंबर

अकोला: रीच ३७७. क्रोनीच्या भाषेत म्हणजे आठपैकी आठ.


२० नोव्हेंबर

डॉक्टर सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन म्हणाले, प्रियदर्शनी नसती तर एका मुलीचं आयुष्य बरबाद झालं असतं. दामिनीनं पेढे आणले. मी दोन खाल्ले. छान वाटलं, का नाही वाटणार?

फलकचा मेसेज — "शुक्रिया मॅडम." तेवढाच. मला अजून थोडं अपेक्षित होतं, हे लिहायला हरकत नाही.

दुपारी उत्तमरावांचा फोन. मला वाटलं नोटिशीबद्दल बोलतील. तर म्हणाले, "मॅडम, थे घड्याळ आपोआप बरोबर चालून राहिलं. रोज पायतो मी." मग जरा थांबून, "सकाळी आल्यावर आता आधी काय करू?" उदबत्ती लावा, म्हटलं. हसले. नोटिशीचं नावही काढलं नाही. फोन ठेवल्यावर लाज वाटली. संध्याकाळपर्यंत वाटत होती, मग भाजी आणायची होती.


२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रिंटरची एक जुनी तक्रार शोधायला तक्रारींची यादी उघडली. प्रिंटरची सापडली नाही.

२ जून. अकोला, फलक. "काउंटरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे आहे. रिपोर्टच्या वेळा चुकत आहेत. कृपया बघावे." त्याखाली माझं उत्तर — "बघते."

१९ जून. फलक. तेच. माझं उत्तर नाही.

८ जुलै. फलक. "मॅडम, कोणीतरी नंतर आम्हाला विचारेल." खाली शेरा — तक्रार बंद. बंद करणाऱ्याचं नाव, माझं.

फोन लावला. विचारलं, तू त्या दिवशी डॉक्टरांना हे का नाही सांगितलंस? तीनदा कळवलं होतंस, तुझ्याकडे पुरावा होता.

ती म्हणाली, "मॅडम, तुमचं नाव घेतलं असतं त तुमाले बी घरी बसवलं असतं. मंग घड्याळ परत पुढं गेलं असतं त दुरुस्त कोनं केलं असतं? दुसरं कोनाले येतेच नाई."

 पलीकडे कोणीतरी खोकत होतं.

"आता झालं नं थे," ती म्हणाली. "आता उत्तमकाकाची नोटीस परत घ्याले सांगा डॉक्टराले. तुमीच सांगा." आणि पेशंट आला म्हणून तिनं फोन ठेवला.